वेन्डीचं चिनी नाव

नॉर्थ यॉर्कच्या एका टॉवरची लिफ्ट मधेच बंद पडली, तेव्हा आत दोघंच होती – वसईहून परदेशी आलेली वेन्डी आणि वरच्या मजल्यावरचा केनेथ चेन. लिफ्ट सुरू होईपर्यंत फोन नंबर देऊन-घेऊन झाले, आणि हिवाळा सरेपर्यंत आपली वेन्डी प्रेमात पार बुडाली होती!

अडचण एकच – केनेथची आजी, चिनीत लाओलाओ. इंग्रजी नाव तिच्या जिभेवर रुळत नसे. "चिनी नाव नसेल तर ती तुला हाकच मारणार नाही," केनेथ म्हणाला. "आणि तिनं हाक मारली नाही, तर लग्नाचा विषय काढू कसा?"

"अच्छा... म्हणजे काढणार आहेस तर!"

तो कानापर्यंत लाल झाला.

नाव वेन्डीनं गुपचूप स्वतःच निवडलं. केनेथच्या हॉलमध्ये तरुणपणीच गेलेल्या मावशीचा, लाओलाओच्या लेकीचा, फोटो होता, समोर उदबत्ती. मावशीचं नाव वेन-ती. वेन्डी या नावाला किती जवळचं! वसईला तर गेलेल्या आजीचं नाव कौतुकानं नातीला ठेवतात. लाओलाओ खूश होईल, असं तिला वाटलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं.

रविवारी दुपारी केनेथच्या घराच्या खिडक्यांबाहेर नुसतं धुकं होतं. वेन्डी हसून म्हणाली, "लाओलाओ, मी वेन-ती."

केनेथचा चेहरा पांढराफटक पडला. लाओलाओ तिच्याकडे बघत राहिली... मग कापऱ्या आवाजात तिनं हाक मारली, "वेन-ती?"

"हं," उत्तर आलं.

आतल्या बंद खोलीतून. वेन्डीनं तोंडही उघडलं नव्हतं.

"गेलेल्यांचं नाव आमच्यात दुसऱ्या कुणाला ठेवत नाहीत," केनेथ पुटपुटला. "लाओलाओ म्हणते, ते आपलं नाव परत मागायला येतात..."

खोलीच्या दाराची मूठ हळूहळू फिरू लागली. वेन्डीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळावंसं वाटलं – पण आता पळाले तर या घरात पुन्हा पाऊल नाही, हेही कळत होतं. ती फोटोकडे वळली. घाबरल्यावर तिला मराठीच सुचलं.

"मावशी, चुकले मी. तुमचं नाव तुमचंच. मला फक्त केनेथ हवाय."

मूठ थांबली.

"काय म्हणालीस?" केनेथनं तिचा गार हात धरला.

"तू हवास... असं म्हणाले."

तो लाओलाओकडे वळला आणि त्यानं एक नाव उच्चारलं. "श्याओ-छिंग. पहाटेचं निरभ्र आभाळ," त्यानं वेन्डीला सांगितलं. "कधीचं मनात होतं. वेन्डी या नावाशी जुळत नाही, पण तुझ्याशी जुळतं."

लाओलाओनं त्या दाराकडे एकदा पाहिलं. डोळे पुसले. मग डम्पलिंगची वाटी वेन्डीपुढे सरकवून म्हणाली, "श्याओ-छिंग?"

"हो," वेन्डी म्हणाली. आतून कुणीच बोललं नाही.