पेल्की बाईंच्या तळघरातलं तेल

रविवारी सकाळी विनिफ्रेड पेल्कींनी तळघराचं दार उघडलं आणि नाक दाबून मागे सरकल्या. खाली घोट्यापर्यंत तेल साचलं होतं. घर गरम करायचं तेल. या घरात तर तेल जाळणं हिवाळ्याआधीच बंद झालं होतं!

अग्निशमन खात्याची तपास अधिकारी थेल्मा मिशो पोचली, तेव्हा दारातच भांडण जुंपलं होतं.

"हाच तो!" विनिफ्रेडनी तेलवाल्या रोलंड थिबोडोकडे बोट रोखलं. "मी घर गरम करायला विजेचा हीट पंप घेतला तेव्हापासून याच्या पोटात दुखतंय. गुरुवारी आला आणि टाकी नसलेल्या तळघरात तेल ओतून गेला."

"थंडी वाढली की न विचारता टाकी भरायची, हीच इथली पद्धत. बंद कर म्हणून कधी सांगितलंत?"

"चौकात शिव्या घातल्या, त्या काय होत्या?"

"त्या तर तुम्ही दर हिवाळ्यात घालता!"

रोलंड तोऱ्यात बोलला खरा, पण त्याचा चेहरा उतरला होता. मुद्दाम ओतल्याचं ठरलं तर परवाना जाणार होता, आणि दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

बाईंचा भाचा कर्टिस मध्ये पडला. सरकारी अनुदानातून हा पंप त्यानंच बसवला होता.

"जुनी टाकी मी तेव्हाच काढली. तेल भरायची आणि हवा जायची, अशा बाहेरच्या दोन नळ्या तेवढ्या राहिल्या. यांचा धंदा बुडतोय, म्हणून सरकारवरचा राग म्हातारीवर काढतात."

"तुझं अनुदान आमच्याच वीजबिलातून वसूल होतं रे, चोरा!" रोलंड उसळला.

"पुरे," थेल्मा म्हणाली. "बाई, तळघरात शेवटच्या कधी उतरलात?"

"गुडघे गेलेत माझे. आज वास आला म्हणून दार उघडलं."

"गुरुवारी वास नव्हता?"

"नाही. काल चर्चमध्ये बीन्सच्या जेवणाला गेले होते. आले ती सर्दीची गोळी घेऊन झोपले."

"आणि तू, कर्टिस?"

"काल अंगणातला बर्फ काढला. उद्या अनुदानवाले पाहणीला येणार आहेत. तळघरात पाऊलही टाकलं नाही."

"बाई, गुरुवारी रोलंडला अडवलं का नाहीत?"

"काच बडवली की! मेल्यानं मान वर केली नाही. वर त्या हवेच्या नळीची शिट्टी. शेवटपर्यंत कान किटले."

"शेवटपर्यंत?"

"ती थांबली तेव्हाच हा हलला."

थेल्मानं वही मिटली.

"मग रोलंडनं तेल सांडलेलं नाही. तेल भरताना टाकीतली हवा बाहेर पडते, तिनं शिट्टी वाजते. टाकी भरली की ती थांबते. टाकीच नसती तर वाजली कशी असती? गुरुवारी टाकी जागेवर होती. कर्टिस, तू टाकी काढण्याचे अनुदानातले पैसे खाल्लेस आणि टाकी तशीच ठेवलीस. उद्या पाहणी, म्हणून काल मावशी जेवायला गेल्यावर तळघराच्या मागच्या दारानं उतरलास. रिकामी समजून टाकी कापलीस. रोलंड ती भरून गेलाय, हे तुला माहीतच नव्हतं. तेल सांडलं, तरी तुकडे उचलून नेलेस."

कर्टिस विनिफ्रेडकडे वळला.

"मावशी, पंप तर तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? या तेलात घर गेलं माझं! आणि माझ्या तोंडून याचा परवाना घालवत होतास?"

"आज माझ्याकडे चल ना."

बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

"थिबोडो, तुझ्या ट्रकमध्ये हीटर चालतो?"

"चालतो."

"मग बहिणीकडे सोड मला. आणि वाटेत एक अक्षर बोलू नकोस."