एकशे चव्वेचाळीस ताटांचा कान

एप्रिल २०५१ मधल्या एका बुधवारी संध्याकाळी आंबेखोल गावातल्या दोनशे बारा घरांत एकदम पूर्ण रेंज आली. असं काहीही घडलेलं नाही. मोबाइल कंपनीच्या नोंदवहीत त्या संध्याकाळसमोर ‘नेहमीप्रमाणे’ असा शेरा आहे. कंपनीच्या नोंदी चुकत नाहीत, कारण त्या तपासायला कुणी उरलेलं नाही. तेव्हा जे घडलं नाही, ते आता क्रमाने सांगायला हरकत नसावी.

सुहासिनी बेंडखळे या पदार्थविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका. वय त्रेसष्ट, घर जांभ्या दगडाचं, एकुलती मुलगी चंद्रावर. जुई ‘शशांक’ स्थानकावर खडकांचे नमुने तपासत असे आणि दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी तिला आईशी बोलायला आठ मिनिटं मिळत. तिचं चलचित्र चंद्रावरून निघून जवळपास चार लाख किलोमीटर व्यवस्थित यायचं, डोंगरापलीकडच्या मोबाइलच्या मनोऱ्यापर्यंत पोचायचं आणि उरलेल्या चार किलोमीटरमध्ये हरवायचं. सुहासिनीबाईंना पडद्यावर काही चौकोन दिसत, त्यातला एखादा जुईच्या रंगाचा असे. चौकोन म्हणत, “बरी आहे, आई.”

सात महिने हे असंच चाललं होतं. ‘बरी आहे’ हे शब्द कुणीही पाठवू शकतं, असं बाईंचं मत होतं. मुलगी खरंच बरी आहे की नाही ते तिच्या डोळ्यांखाली लिहिलेलं असतं, आणि डोळे नेमके कोणत्या चौकोनात आहेत हे त्यांना कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी रमझान मुकादमांना बोलावलं. मुकादमांनी तीस वर्षं मासेमारीच्या बोटींवरचे रेडिओ दुरुस्त केले होते. भर वादळातही कोण कुठून बोलतंय ते ओळखतात, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी घरात पाऊल टाकलं, राउटर कुठे आहे ते पाहिलं आणि चहाचा कप हातात आल्यावर निदान सांगितलं.

“बाई, हा राउटर कपाटात ठेवलाय.”

“धूळ बसते.”

“दीड हात जाडीची भिंत, वर पत्रा आणि आत कपाट. कोणी डोंगरावरून हाक मारतंय आणि तुम्ही कणगीत बसून ओ देताय.”

उपाय सोपा होता. कान घराबाहेर न्यायचा. छपरावर, जिथून डोंगराच्या खिंडीतून मनोऱ्याचा शेंडा दिसतो तिथे, एक बाह्यग्राहिका, म्हणजे बाहेरची अँटेना, बसवायची. ग्राहिकेपासून तिच्याशेजारच्या, संदेश घेणाऱ्या पेटीपर्यंतची तार होईल तेवढी आखूड ठेवायची, कारण तार स्वतःच निम्मा संदेश पिऊन टाकते. आणि ज्या क्रमांकावर जुईचे फोन येतात त्याचं कार्ड राउटरमधून काढून थेट छपरावरच्या पेटीत घालायचं.

बाजारात मिळणाऱ्या ग्राहिकेने चौकोन लहान होतील, चेहरा मात्र दिसणार नाही, असा मुकादमांचा हिशेब निघाला. चेहऱ्यासाठी एकसारख्या आकाराचे एकशे चव्वेचाळीस धातूचे तुकडे लागणार होते. बाईंनी गणित पुन्हा मांडून पाहिलं. तेच उत्तर आलं.

“एकेका तुकड्याला चिमूटभरच ऐकू येणार,” बाई म्हणाल्या. “त्यांची बेरीज करायची. पण लाट प्रत्येकाला थोडी मागेपुढे पोचते.”

“म्हणून मध्ये कालजुळवणी पेटी. चिखलात रुतलेली गाडी एकशे चव्वेचाळीस जणांनी एकाच क्षणी ढकलली तर निघते. ज्याने त्याने सवडीने ढकलली तर नुसता घाम निघतो.”

अगदी एकसारखे एकशे चव्वेचाळीस धातूचे तुकडे आंबेखोलमध्ये एकाच ठिकाणी होते. गावच्या सामाईक भांड्यांत, लग्नाकार्याला लागणारी स्टीलची ताटं. प्रत्येकावर मशीनने ‘समस्त ग्रामस्थ, आंबेखोल’ असं कोरलेलं. बाईंनी रीतसर मागणी केली. गावाने ताटं दिली, कारण मुलगी चंद्रावर असलेलं ते गावातलं एकच घर होतं आणि तसंही त्या महिन्यात मुहूर्त नव्हते.

सोमवारी ताटं छपरावर चढली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की मोठी पंगत उठली आणि उष्टी काढायचं राहून गेलं. मंगळवारी चाचणी झाली. मुकादमांनी मोजमाप पाहून चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. बाईंच्या घरात आता मनोऱ्याच्या पायथ्याशी येते त्याहून चांगली रेंज येत होती.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. कुणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. निदान मूठभर साखर तरी घालतात. एका डब्याला ही रीत असेल, तर एकशे चव्वेचाळीस ताटांना किती? शिवाय ताटं परत जायला महिने लागणार होते, म्हणजे तोवर गावाकडून फुकट घेऊन बसल्यासारखंच. बुधवारी सकाळी त्यांनी मुकादमांना विचारलं की ताटांतून गावाला थोडी रेंज वाढता येईल का.

“येईल ना,” मुकादम म्हणाले. “परस्परतेचा नियम आहे, तुम्हीच शिकवत होतात. ग्राहिकेला ज्या दिशेने जितकं चांगलं ऐकू येतं, त्या दिशेने तितकंच चांगलं बोलता येतं. तिचा कान तेच तिचं तोंड. ताटं हलवायलाही नको. कालजुळवणी बदलली की झोत गावाकडेही वळेल.”

“मग अडचण काय आहे? तुमचं तोंड अडचण असल्यासारखं झालंय.”

“जाळेपाल.”

जाळेपाल म्हणजे कंपनीचं सगळं जाळं सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा. कोण मनोरा आणि कोण ग्राहक हे पूर्वी कागदावर ठरायचं. पुढे तरंगते मनोरे आले, फुग्यांवरचे आले, ट्रकवरचे आले, तेव्हा कागद मागे पडले. जाळेपाल फक्त काम पाहायचा. भोवतालच्या घरांना जो जास्त चांगलं देतो तो मनोरा, आणि त्याच्यापुढे जो कमी पडतो त्याला विश्रांती. त्यात वावगं काहीच नव्हतं. आपल्याकडे इतक्या स्वच्छ निकषाने नेमणूक झाल्याची दुसरी घटना ऐकिवात नाही.

“आपण काय एवढं देणार आहोत?” बाई म्हणाल्या. “साखरेपुरतं.”

मुकादमांनी साखरेपुरतं दिलं. संध्याकाळी गावातली दोनशे बारा घरं बेंडखळ्यांच्या छपराला जोडली गेली. शेजारच्या शेवंता गुरव सांगायला आल्या की त्यांचा भाऊ दुबईहून इतका स्पष्ट दिसला की त्याने केस काळे केलेत हेही कळलं.

गुरुवारी दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जाळेपालाने डोंगरापलीकडच्या मनोऱ्याला विश्रांती दिली आणि त्याच्याकडे येणारा संदेश थेट ताटांवर वळवला. बाईंच्या पेटीतला क्रमांक ‘ग्राहक’ या यादीतून निघून ‘मनोरा ४४१७’ झाला. पाच वाजून बारा मिनिटांनी त्याच क्रमांकावर चंद्रावरून फोन आला.

आता मनोऱ्याला फोन येत नाही. मनोऱ्याच्या नावे काही आलंच, तर ती सार्वजनिक सूचना असते, वादळ येणार किंवा धरण सोडणार अशा प्रकारची, आणि ती मनोऱ्याने आपल्या सर्व ग्राहकांना तातडीने द्यायची असते. मनोरा स्वतः ग्राहक नसतो. त्यामुळे दोनशे बारा घरांत भोंगा वाजला, पडदे उजळले आणि प्रत्येक पडद्यावर जुई आली. फक्त बाईंच्या घरातला पडदा काळा राहिला.

शेवंताबाई फोन हातात घेऊन धावत आल्या. “अहो बाई, तुमची जुई धरणाच्या जागी आलीय.”

बाईंनी फोन घेतला. सात महिन्यांनी चेहरा दिसत होता. कपाळावरची तिळाएवढी बारीक खूणसुद्धा दिसत होती, आणि डोळ्यांखालीही सगळं दिसत होतं.

“आई, तू दिसत नाहीयेस,” जुई म्हणाली. “इथे नुसतं ‘मनोरा ४४१७’ लिहून आलंय. ऐकू येतंय का?”

“येतंय गं,” बाई म्हणाल्या. फोन बघायला आलेल्या मुकादमांनी नकारार्थी मान हलवली. सूचना एकाच दिशेने जाते. पुराला कोणी उलट उत्तर देत नाही.

जुईने आवाज वाढवून पाहिला. मग तिने खांदे सैल सोडले. दोनशे बारा घरांनी ते पाहिलं.

“बरं झालं, लागत नाहीये,” ती रिकाम्या पडद्याला म्हणाली. “समोर असतीस तर म्हणवलं नसतं. मी बरी नाहीये, आई. चार महिने झोप लागत नाही. परतीच्या यानात एक जागा आहे, पुढच्या गुरुवारपर्यंत नाव द्यायचं. तू हट्टाने शिकवलंस, गावाने मिरवणूक काढली, आणि मी अर्ध्यात येऊ? तू ‘ये’ म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर राहीन दोन वर्षं. पुढच्या गुरुवारी लागला फोन, तर विचारेन.”

उरलेली पाच मिनिटं ती नुसती बसून राहिली. गावात कुणी फोन बंद केला नाही.

शुक्रवारी बाई आणि मुकादम सगळे मार्ग तपासत बसले. ताटं उतरवली तर क्रमांक ‘नादुरुस्त मनोरा’ होणार, माणूस नाही. पुन्हा माणूस व्हायला नव्वद दिवस. दुसऱ्या क्रमांकावरून शशांकशी बोलता येत नव्हतं, कारण अंतराळवीराचा कुटुंब-क्रमांक एकच असतो आणि तो बदलायला अंतराळवीराला स्वतः कार्यालयात हजर राहावं लागतं. मग बाईंनी विचारलं की ताटं सरळ चंद्राकडे वळवली तर.

“पोचेल की,” मुकादम म्हणाले. “पण तिकडचा कान अनोळखी मनोऱ्याला दार उघडत नाही.”

“तिकडून इकडे मात्र सगळं येतंय.”

“हो.”

“म्हणजे परस्परता लाटेपुरतीच.”

मुकादमांनी अर्जाचा नमुना उघडून दिला. अर्जदाराच्या प्रकारात ‘मनोरा’ हा एकच पर्याय उमटत होता. बाईंनी तो मान्य केला आणि लिहायला बसल्या.

प्रति, जाळेपाल, तक्रार निवारण कक्ष.
विषय: मनोऱ्यास अल्पकाळ माणूस समजण्याबाबत.

महोदय, मी, मनोरा ४४१७, आपल्या सेवेत गुरुवारपासून कार्यरत असून दोनशे बारा ग्राहकांपैकी कोणाचीही तक्रार नाही. तरी येत्या गुरुवारी सायंकाळी ५.१२ ते ५.२० या वेळेत मला आई समजण्यात यावे, ही नम्र विनंती. आठ मिनिटे देणे नियमात बसत नसल्यास एका शब्दापुरती परवानगीही पुरेशी होईल. शब्द एका अक्षराचा आहे.