आरशात गेलेली आकृती

औषध नीट बनलं होतं, फक्त उलटं. उजव्या हाताचा हातमोजा मागवावा आणि डाव्याचा यावा, तसं. दीड महिन्याचं काम वाया गेलं आणि खापर चिमणी नावाच्या पोरीवर फुटलं. ज्या आकृतीवरून औषधाचा रेणू बनवला, ती संगणकावर तिनेच काढली होती. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

प्रयोगशाळेच्या नोंदी सांभाळणाऱ्या मावशींनी चष्मा पुसला. रसायनशास्त्र कॉलेजात नाही, त्या याच खोलीत शिकल्या होत्या. मोठ्या सरांकडून.

"खरं सांग, आकृती तू फिरवलीस?"

"आईशप्पथ नाही, मावशी! वहीत प्रिंट चिकटवलीय, बघा ना. सुलटीच आहे."

"मग फाइल कोणाकडे गेली?"

"तपासायला सरांकडे. तिथून मांडणीवाल्या काकांकडे."

काका तडकलेच. "माझ्यावर ढकलू नका हं! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसतं चित्र उचलून पानात बसवतो."

"बसेना म्हणून उलटवलंत?"

"उलटवलं असतं तर अक्षरंही उलटी झाली असती. आहेत का?"

नव्हती. आकृती उलटी, अक्षरं मात्र सुलटी. असं फक्त आकृत्या काढायच्या प्रोग्रॅममधलं 'आरसा' बटण करतं. म्हणजे चिमणी, नाहीतर सर.

मावशींनी कपाटातून सरांनी तपासलेले कागद काढले. लाल पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवता फिरवता त्या थांबल्या. सहा महिन्यांपासून सगळ्या खुणा कागदाच्या डाव्या अर्ध्यात. उजवीकडे ढळढळीत चुका, आणि एकही खूण नाही.

तेवढ्यात सर आले. उजवा खांदा दाराला धाडकन आपटला.

"हे दार रोज पुढे सरकतं बघा," सर हसले.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, उजवीकडचं कधीपासून दिसत नाही?"

सर खुर्चीत बसले. "कोणी सांगितलं?"

"तुमच्या लाल पेन्सिलीनं. कागदाचं काही करता येत नाही. पण पडद्यावर 'आरसा' दाबला की उजवी बाजू डावीकडे येते. तशी तपासायची, मग पुन्हा सुलटी करायची. या वेळी सुलटी करायची राहिली."

"डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. वाटलं, निवृत्तीपर्यंत निभेल."

"आणि चिमणी?"

"रोज ठरवत होतो, आज सांगू. तोंडच उघडेना." सरांचा आवाज खाली गेला. "लिहायलाच हवं का?"

"दुसरी वाट असती, तर तुम्हीच शिकवली असतीत, सर."

मावशींनी घडलं ते चार ओळींत लिहिलं. अक्षर एरवीपेक्षा वाईट आलं. सहीची जागा खाली, उजव्या कोपऱ्यात. सरांचं पेन डावीकडच्या कोऱ्या जागेवर घुटमळत राहिलं.

मावशींनी कागद अलगद डावीकडे सरकवला.