आधी जखम

पुण्याच्या कर्तृत्व-परीक्षण प्रयोगशाळेत कलावंतासाठी खुर्ची नव्हती. परीक्षा कृतीची असते, कर्त्याची नव्हे, हे तत्त्व फर्निचरपर्यंत पाळले गेले होते. म्हणून वत्सला चितारी उभीच होती. बावीस वर्षे एका बलाढ्य चित्रपट कंपनीसाठी तिने अस्तित्वात नसलेले प्राणी घडवले होते. मग नोकरी सोडून, अकरा माणसे जमवून, चार वर्षांत तिने स्वतःचा पहिला चित्रपट पुरा केला. खाडीच्या चिखलातला एक म्हातारा प्राणी आणि त्याला पोसणारी कोळीण, एवढीच त्याची गोष्ट. कर्तृत्वाच्या, म्हणजे कृती कुणाची हे ठरवणाऱ्या, प्रमाणपत्राशिवाय मात्र तो कोणत्याही पडद्यावर जाऊ शकत नव्हता.

"त्र्याण्णव टक्के जुळतो," मुख्य परीक्षक डॉ. टिपणीस म्हणाले.

"कशाशी?"

"चितारी-साच्याशी. म्हणजे तुमच्याशीच. पण साचा कंपनीचा. साठ टक्क्यांच्या वर जुळलं की कृती साच्याची, आणि साच्याचं ते सगळं मालकाचं."

"म्हणजे मी माझीच चोरी केली?"

"चोरी नाही हो बाई. कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही साच्यातून निघालेला नग आहात."

शैलीसाचा म्हणजे एका कलावंताच्या सगळ्या कामावरून शिकून त्याच्यासारखे निर्माण करणारे यंत्र. तो बनवण्याचा हक्क वत्सलाने तिशीत, कराराच्या एकोणिसाव्या पानावर, सही करून देऊन टाकला होता. तिने ते पान वाचले नव्हते. अशी पाने वाचली जाऊ नयेत म्हणूनच लिहिली जातात.

"या चित्रपटात माझी एकही जुनी रेषा नाही," ती म्हणाली.

"यंत्र रेषा बघतच नाही. ते निर्णयांचा क्रम बघतं. काय ठरल्यावर काय ठरलं, ते. कुणी सांगाड्यापासून सुरुवात करतं, कुणी डोळ्यांपासून. तुम्ही आधी एक जुनी जखम ठरवता. मग ती सांभाळत जगणारं शरीर. दिग्दर्शनातही तेच, कॅमेरा कायम दुखऱ्या बाजूला."

हे वत्सलाने कोणालाही सांगितलेले नव्हते. सावंतवाडीत वडिलांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना होता. सात वर्षांची असताना तिथल्या लेथमध्ये तिच्या डाव्या तर्जनीचे टोक गेले. उरलेल्या बोटांनी त्या बोटाचे काम आपसांत कसे वाटून घेतले, हे ती पुढे वर्षभर पाहत राहिली होती. तिची सगळी विद्या तेवढीच होती.

"जखम वगळा," टिपणीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"मग माझं काय उरेल?"

"एकोणसाठ टक्के. तेवढं कायद्याला चालतं."

आठ महिन्यांनी ती दुसरी प्रत घेऊन आली. आता प्राणी ठणठणीत होता. दोन्ही बाजूंनी सारखा, कुठेही न दुखणारा, कुणाचाही असू शकेल असा. यंत्राने अकरा टक्के दाखवले. टिपणिसांनी अभिनंदन केले आणि प्रमाणपत्र वाचून दाखवले.

"मालक, नाही. कर्ता, अज्ञात."

"मी समोर उभी आहे, टिपणीस."

"दिसताय की. पण तुमची म्हणून जगात नोंद एकच, तो साचा. कृती त्याच्याशी जुळत नाही, म्हणजे तुमची नाही. जुळली असती तर..."

"कंपनीची असती."

"नवा साचा नोंदवता येतो. त्याच कर्त्याच्या सिद्ध झालेल्या तीन कृती लागतात."

"सिद्ध कशानं होतात?"

"साच्यानं." टिपणिसांनी चष्मा काढून पुसला. "नियम मी केलेले नाहीत."

"ते कुणीच केलेले नसतात."

ती खिडकीपर्यंत जाऊन परत आली. "पहिली प्रत दाखल करा."

"त्र्याण्णववाली? अहो, हातची जाईल!"

"जाऊ दे. निदान लंगडत तरी जाईल."

कंपनीने कायदा अक्षरशः पाळला. कृती साच्याची, तर दिग्दर्शकही साचाच असणार. भित्तिपत्रकांवर छापून आले: 'बावीस वर्षे प्राणी घडवल्यावर चितारी-साच्याचे स्वतंत्र दिग्दर्शनात पदार्पण.' अकरा सहकाऱ्यांची नावे बारीक टाइपात होती. वत्सलाचे नाव नव्हते. एकाच कामाचे दोन कर्ते असू शकत नाहीत. नवोदित दिग्दर्शकाचा पुरस्कारही साच्याला मिळाला. त्या समारंभाला ती तिकीट काढून गेली.

मंचावर फुलांच्या मधोमध साच्यासाठी एक ध्वनिवर्धक ठेवला होता. एका पत्रकाराने अदबीने विचारले, "आपण सुरुवात कुठून करता?"

"आधी जखम ठरवतो," साचा म्हणाला. आवाज नम्र होता. सभागृह भारावले.

"आणि पहिली जखम? ती कुणाची होती?"

साचा त्याच नम्र आवाजात म्हणाला,

"नोंद उपलब्ध नाही."

लोकांना तो विनय वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला, पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. चौथ्या रांगेत वत्सलाने डावा हात पदराखाली ओढून घेतला. टाळ्या वाजवायच्या तर तो बाहेर काढावा लागला असता.