एका परीक्षेत एकच सापळा

“जरा याचे पाय धरता का?”

आपल्या आयुष्यातली प्रेमकथा या वाक्याने सुरू होईल, असं कुठल्याच मुलीला वाटत नाही. तिलाही वाटलं नव्हतं. प्रशिक्षण केंद्राची लिफ्ट बंद होती आणि तो एका रबरी माणसाला काखोटीला मारून जिना चढत होता. तिने पाय धरले.

“जड आहे ना?”

“हो.”

“तसा हलकाच आहे म्हणा.”

“हो... हलकाच आहे.”

तो थांबला. चष्म्यावरून पाहिलं. “दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवा. मी वर शिकवतो, तिथे हे चालत नाही.”

तिची छाती धडधडायला लागली. तीन मजले चढायचे म्हणजे होणारच – पण अजून पहिलाही आला नव्हता.

चार वर्षं तिने ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतले होते. “हो, ऐकतेय... हो, गाडी निघाली...” जिभेला तेच वळण पडलं. दादाने तिची स्कूटर ‘दोन दिवसांसाठी’ नेली, त्याला आठ महिने झाले होते. मैत्रिणी तिला होबाई म्हणत. आता तिला फोन सोडून गाडीत जायचं होतं, माणसापर्यंत पोचायचं होतं. त्यासाठी औषध देण्याची परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत एक सापळा असे. मास्तर मुद्दाम एक चूक पेरणार. उमेदवाराने ‘थांबा’ म्हणायचं. जुन्या मास्तरांच्या हाताखाली ती दोनदा ‘हो’ म्हणाली आणि रबरी माणूस दोनदा दगावला. तिसरी संधी शेवटची. नंतर जन्मभर फोन.

हा नवा मास्तर अकरा वर्षं गाडीवर काढून आलेला. वर्ग सुटला की तो तिला थांबवून घेई आणि सरावाला मुद्दाम काहीतरी चुकीचं बोले.

“आज सोमवार आहे.”

“हो, सर.”

“बुधवार आहे. पुन्हा. तुमचं अक्षर वाईट आहे.”

“हो – थांबा. वाईट नाहीये.”

“शाब्बास. तुम्हाला माझा कंटाळा येतो.”

“थां...” तिचे कान तापले.

“अर्धं थांबा चालत नाही,” असं म्हणून तो उगाचच सिरिंज मोजायला लागला. त्या तो मघाशीच मोजून बसला होता.

असे तीन आठवडे. स्पिरिटचा वास आला तरी तिला हसू यायला लागलं. ही काही बरी लक्षणं नव्हती.

परीक्षेला गुण द्यायला मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. मास्तरने फक्त आदेश द्यायचे. रबरी माणसाला मधमाशी चावली होती, घसा सुजला होता, श्वास लागला होता.

“ॲड्रेनालिन, अर्धा मिलिग्रॅम...” मास्तरने मान वर केली. तिने केसांत पेन्सिल खोचली होती. “...शिरेतून.”

“थांबा.”

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

“शिरेतून नाही, सर. मांडीच्या स्नायूत. शिरेतून हे हृदयाला झेपणार नाही.”

“मांडीच्या... हो. मांडीच्या स्नायूत.”

‘हो’ चक्क तो म्हणाला होता. सापळा पार! तिला नाचावंसं वाटलं. तरी शिकवल्याप्रमाणे तिने औषधाची काचेची अँप्युल उचलून वाचली – नाव, ताकद, तारीख.

“थांबा. याची मुदत गेल्या महिन्यातच संपलीये.”

तिने दुसरी अँप्युल वाचून घेतली, अर्धा मिलिग्रॅम मोजून मांडीत दिला. सिस्टरांनी शेवटची खूण केली. “पास. गाडीवर कधी येतेस, बोल.” आणि कधी नव्हे ते हसून निघून गेल्या.

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. मास्तर रबरी माणसाच्या पोटावर कागद ठेवून काहीतरी लिहीत होता.

“सर, एका परीक्षेत सापळा एकच असतो ना?”

“एकच.”

“आज दोन होते.”

“एकच होता. मुदतीचा.”

“मग शिरेतून...?”

त्याने पेन खाली ठेवलं. “चूक झाली की त्याच दिवशी लिहायची, असं मीच शिकवतो.” आणि कागद तिच्याकडे सरकवला.

झालेल्या चुकीची नोंद. कारण – ‘आदेश देताना नजर उमेदवाराकडे गेली. परत यायला वेळ लागला.’ खाली छापील प्रश्न – पुन्हा घडण्याची शक्यता: कमी, मध्यम, जास्त. त्याने ‘कमी’वर खूण करून पुढे लिहिलं होतं, ‘उमेदवाराचं प्रशिक्षण आज संपलं.’

“हे... सिस्टर वाचणार?”

“वाचणार. त्यांना नवीन काही कळेल असं वाटत नाही.”

तिने कागद दोनदा वाचला. मग केसांतली पेन्सिल चाचपली, नोंदीला पेन्सिल चालत नाही हे आठवलं, आणि त्याचं पेन उचललं.

“थांबा,” ती म्हणाली. या वेळी पूर्ण. “इथे चूक आहे.”

‘कमी’वर तिने एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी – तीही त्याचीच शिकवण – आणि ‘जास्त’वर खूण करून शेजारी सही केली. अक्षर खरंच वाईट नव्हतं.

त्याने कागद आपल्याकडे ओढून सही वाचली.

“सहाला... चहा?”

तिने विचार केला. चार वर्षांत पहिल्यांदाच, उत्तर देण्याआधी.

“हो. पण साडेसहा. आधी दादाकडून माझी स्कूटर आणायचीये.”