पॅकिंगची पाच कडी

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये विहिरीकाठी एक पत्र्याची खोली होती आणि तिच्यात बॉयलरला पाणी देणारा पंप. त्या पंपाचा मिस्त्री मुंजाजी. रझाकारांच्या धामधुमीत मालक व्यंकटराव बार्शीकडे निघून गेले, तेव्हा जिवावर उदार होऊन त्यानेच पंप राखला. मालक परतले, निजामी गेली, कचेऱ्यांवरचे झेंडे बदलले. पण 'मुंजाजी, हा पंप तुझ्या हातचा' एवढं एक वाक्य काही मालकांच्या तोंडून निघालं नाही. मुंजाजीला दुसरं काहीच नको होतं.

पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे चार बोटं खोल पेटी असते. चरबीत मुरवलेल्या सुती दोरीची पाच कडी तिच्यात एकामागे एक बसवायची आणि वरून ग्लँडचे, म्हणजे पेटीच्या झाकणाचे, नट आवळायचे. ढिलं राहिलं तर पाणी उडतं, फार आवळलं तर पॅकिंग जळतं आणि दांडाही खराब होतो. बरोबर बसलं की सावकाश एकेक थेंब पडत राहतो. मुंजाजीचं पॅकिंग आठ दिवसांत जळायचं. त्याचा हात जड, हे त्याला सोडून साऱ्या जिनिंगला ठाऊक होतं.

अशात कोळसा वाहायला बिरू आला. पोखर्णीकडचा धनगर, तिशीतला, अबोल. एकदा पंपाजवळून जाता जाता त्याने आजारी मेंढीला लावावा तसा उलटा हात ग्लँडला लावला.

"मिस्त्री, तिसरं कडं कोरडं पडायलंय."

"तुला आतलं दिसायलंय का रे?"

"दिसत न्हाई. तिथंच गरम लागायलंय."

उघडलं, तर तिसरंच कडं कोळशासारखं झालेलं. त्या दिवसापासून पॅकिंग बिरूकडे गेलं. मुंजाजी दोरी सरळ कापायचा. बिरू तिरकी कापू लागला, म्हणजे जोडातून पाण्याला वाट सापडत नाही. थेंब असा पडू लागला की त्यावर घड्याळ लावावं. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "हा बिरूच्या हातचा पंप." जे वाक्य ऐकायला एकाने जन्म घालवला, ते दुसऱ्याला सहा महिन्यांत मिळालं. मुंजाजी आतून जळत राहिला.

श्रावणात बिरू तीन दिवसांच्या तापात गेला. मुंजाजी मयतीला गेला, रडलाही. पण परतताना त्याला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला?

बिरूची आई कासाबाई जिनिंगमध्येच कापूस निवडायची. महिन्याने ती पदराखाली काहीतरी घेऊन आली. लोकर कातरायच्या जुन्या कातरीचं पातं वाकवून केलेली आकडी होती ती. जुनी कडी पेटीतून ओढायला बिरू तीच वापरायचा.

"मिस्त्री, त्यो सांगून गेलाय. ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमच्याच हाताखाली शिकलो, म्हनायचा."

मुंजाजीला तेही टोचलं.

दसरा झाला, कापसाच्या गाड्या लागल्या. बिरूचं पॅकिंग अजून तसंच होतं, थेंब तसाच. एका दुपारी मुंजाजीने नट अर्धा फेरा आवळला. थेंबात फरक नाही. पूर्ण फेरा आवळला. नाही. मग नट पार ढिले केले, बोटांनी फिरतील इतके. आता पाणी अंगावर उडायला हवं होतं. थेंब पहिल्यासारखाच पडत होता.

"मेल्यावर बी मिरवायलाय," मुंजाजी मोठ्याने म्हणाला.

दुसरा कुणी असता तर पाना टाकून बाहेर पळाला असता. पण हेव्याने पेटलेल्या माणसाला भीतीची शुद्ध नसते. जेवणाची सुट्टी झाली, पंप थांबला, तशी त्याने आकडी घेतली आणि पेटी उघडली.

पाच कडी निघाली. पाचही पांढरी, ओली, आजच बसवल्यासारखी.

आकडी पुन्हा अडकली. सहावं निघालं. काळं, जळकं. सातवंही तसंच.

मुंजाजीला केवढा आनंद झाला! म्हणजे हा शहाणा तळाशी अशी घाण लपवून वर मिरवत होता! मालकांनीच बघावं. बारा, पंधरा, वीस. पेटी चार बोटंच खोल आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. कडी निघत होती आणि तो ती मागच्या पोत्यावर फेकत होता.

अखेर आकडी मोकळी आली. त्याने नवी पाच कडी कापून बसवली. काळ्या हातांची चरबी पुसायलाही थांबला नाही. नट आज मात्र हलक्या हाताने आवळले. पंप सुरू केला. थेंब पडू लागला, हवा तसा. त्याने मालकांना निरोप धाडला.

व्यंकटराव आले.

"मालक, बिरूची करामत बगा. आतून ही घान निगाली."

व्यंकटरावांनी ढिगातलं एक कडं उचललं, टोक पाहिलं. दुसरं उचललं. मग हसले.

"अरे, ही तर सारी तुझीच की. सरळ कापलेली. आन हे हिरवं? पोलीस ॲक्शनच्या साली दोरी मिळंना, तवा मनकर्णाबाईचं लुगडं फाडून वळलं होतंस. इतकी वर्सं जपून ठेवलंस व्हय?"

बायकोच्या लुगड्याचं ते कडं मुंजाजीने त्याच साली स्वतःच्या हाताने बॉयलरच्या भट्टीत टाकलं होतं.

मालकांनी ग्लँडला हात लावून पाहिला. लय खूश झाले.

"मुंजाजी, हा पंप तुझ्या हातचा."

मुंजाजीने 'व्हय मालक' म्हणायला तोंड उघडलं. नजर पोत्यावर गेली.

बिरूची पांढरी, तिरकी कडी ढिगात कुठेच नव्हती. ढिगाच्या अगदी वर पाच कडी होती. नवी, मघाशीच पेटीत बसवलेली, सरळ कापलेली. चरबी अजून ओली, आणि पाचव्यावर त्याच्याच अंगठ्याचा काळा ठसा.

मागे पंप चालूच होता.