पावलांनी मोजलेली बाग

"ट्रॅक्टरला मागची चाकं रुंद बसवू का अरुंद?" टायरवाल्याने विचारलं, आणि लताबाईंच्या काळजात चर्र झालं... माणसाचं अंतःकरण कुठे विदीर्ण व्हावं याला काही नियम नाही. त्यांचं पिंपळगावच्या टायरच्या दुकानात, पंक्चर तपासायच्या पाण्याच्या टाकीशेजारी झालं.

बाजूला त्यांचा दीर सोमनाथ रस्त्याकडे तोंड करून उभा होता. सहा वर्षांपूर्वी लताबाईंचे मालक झुंबर गेले आणि त्यांच्या तेराव्यालाच सोमनाथने वाटण्या मागितल्या. जमीन, विहिरीचं पाणी, पितळेची भांडी, सगळं वाटलं गेलं. छोटा ट्रॅक्टर कापता येईना म्हणून तेवढा सामाईक राहिला. ज्या सात वर्षांच्या पोरक्या दिराला लताबाईंनी आपल्या घासातला घास भरवून वाढवलं, तो रस्त्यापलीकडच्या नव्या घरात गेला. लेकरू नसलेल्या वैनीला 'तू' म्हणणारा सोमनाथ 'तुम्ही' म्हणू लागला. माणसाला एकटं पाडायला एवढा आदर पुरतो.

"माझ्या कांद्याला अन् लासलगावच्या ट्रॉलीला रुंद बरी," सोमनाथ रस्त्याला उद्देशून म्हणाला. "पण तुमच्या बागेत ती जायची नाय. तुम्ही सांगाल तसं."

खरंच होतं ते. द्राक्षाची ती बाग लावताना झुंबरनी ओळींमधलं अंतर टेपाने न मोजता स्वतःच्या पावलांनी मोजलं होतं. आणि गृहस्थ उंचीने बेताचे असल्यामुळे बागेच्या ओळी पंचक्रोशीत सर्वांत चिंचोळ्या झाल्या. गाव हसलं. लताबाई मात्र सहा वर्षं रोज संध्याकाळी त्या ओळींतून त्याच बेताच्या पावलांनी चालत, वेलींशी दिवसभराचं बोलून घेत... घरात ऐकायला दुसरं होतं कोण? फवारणीला तेवढा सोमनाथ ट्रॅक्टर घेऊन यायचा, मान खाली घालून उरकायचा, चहाला न थांबता जायचा.

"रुंदच बसव," त्या टायरवाल्याला म्हणाल्या. "मला आता बाग झेपत नाय. सोमवारी तोडायला माणसं सांगते."

सोमनाथने पहिल्यांदाच रस्त्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. येताना त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसल्या होत्या. दोघांच्या वतीने सगळा रस्ता नवी टायरंच काय ती बोलली.

रविवारी लताबाईंनी चूल पेटवली नाही. सोमवारी पहाटेच, माणसं यायच्या आत, त्या हळदीकुंकवाची वाटी घेऊन बागेच्या निरोपाला निघाल्या, आणि बांधावरच थबकल्या. परतीच्या पावसाने ओल्या झालेल्या मातीत टायरांच्या ताज्या खुणा सरळ ओळींच्या आत गेल्या होत्या. खुणा रुंद होत्या, पण एकही वेल दुखावली नव्हती. फक्त टायरांची नक्षी उलटी उमटली होती.

लताबाईंचे डोळे भरून आले, कारण ही चूक आख्ख्या तालुक्यात एकच माणूस करायचा.

ट्रॅक्टर मधल्या ओळीत रुतला होता. नवी कोरी चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि वर सोमनाथ चिखलाने माखून बसला होता.

"चाकं होती त्याच बाजूला उलटी बसवली ना?" लताबाईंनी विचारलं.

"उलटी केली की आत सरकती," तो चाकाकडे बघत म्हणाला. "मग दोन्हीकडं चार बोटं जागा राहती. काल मोजलं मी."

"कशानं?"

"पावलांनी."

"घरात टेप नव्हता?"

"होता."

लताबाईंनी चिखलातल्या नक्षीकडे बोट दाखवलं. "तुझ्या दादांनी सतरांदा सांगितलं होतं तुला. डावं चाक उजवीकडं न्यायचं, उजवं डावीकडं. नायतर नक्षी उलटी व्हती, अन् चिखलात पकडच राहत नाय."

"तू दुकानात खोटं बोलली, वैनी." सोमनाथचा आवाज चिरकला. "माझ्यासाठी रुंद घेतली. दादाच्या तेराव्याला जे तोंड उघडलं, तेव्हापासून तुला तोंड दाखवायची लाज वाटती मला... माणसं यायच्या आत दाखवायचं व्हतं, की जातो ट्रॅक्टर. बाग नको तोडू."

ते 'तू' ऐकून लताबाईंनी मांडवाची तार घट्ट धरली. नाहीतर त्या अनुपम क्षणी त्याही चिखलात बसल्या असत्या.

कुऱ्हाडी घेऊन आलेल्या चौघांनी त्या दिवशी फक्त ट्रॅक्टर ढकलला. वेलींसाठी आणलेलं हळदीकुंकू लताबाईंनी टायरांना लावलं. नव्या चाकांची पूजा राहिलीच होती, आणि चाकं उलटी असली म्हणून काय झालं... मग त्यांनी दिराला न्याहारीला घरात नेलं. पिठाच्या डब्यात सहा वर्षांच्या सवयीने एकटीच्या मापाने हात गेला, तो त्यांनी काढून पुन्हा घातला.

भाकरी चार झाल्या. एकही उरली नाही.